पांढरा शर्ट पिवळा का पडतो? परभणीचं पाणी, ऊन आणि कपडे टिकवण्याचं साधं गणित

मुलाखतीसाठी घेतलेला शर्ट, लग्नातला ब्लेझर, रोजच्या ड्युटीची पँट... पुरुषांच्या कपाटातले कपडे अंगावर जेवढे झिजतात, त्याहून जास्त बादलीत, दोरीवर आणि इस्त्रीखाली खराब होतात. नेमकं काय होतं आणि कमी खर्चात काय करता येईल, समजून घेऊया.

थोडक्यात

• बोअरच्या जड पाण्यात साबण फाटतो, त्याचा थर कापडात बसतो आणि शर्ट मळकट दिसतो.
• एका बादलीला एक लहान चमचा धुण्याचा सोडा हा सर्वांत स्वस्त उपाय.
• आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी पांढऱ्या कपड्यांना वापरू नका.
• मे महिन्यातल्या दुपारच्या उन्हात कपडे तासन् तास ठेवू नका.
• शर्ट ब्रँडवर नाही, खांद्यावर बसतो का ते बघून घ्या.

हा विषय महत्त्वाचा का?

खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलाकडे 'चांगला' म्हणावा असा शर्ट बहुधा एकच असतो. कागदपत्र पडताळणी असो, मुलाखत असो की मुलगी बघायला जायचं असो, तोच शर्ट बाहेर निघतो. तो वर्षभरात मळकट झाला की नवा घ्यावा लागतो आणि पुन्हा त्याचीही तीच गत होते. दोष कापडाला दिला जातो. पण बऱ्याचदा दोष पाण्याचा आणि आपल्या सवयींचा असतो. पाणी बदलणं आपल्या हातात नसलं तरी सवयी बदलता येतात.

बोअरचं पाणी शर्टाचं नेमकं काय करतं?

परभणी जिल्हा, आणि मराठवाड्याचा बहुतेक भाग, काळ्या बेसॉल्ट खडकावर वसला आहे. पावसाचं पाणी या खडकाच्या भेगांतून खाली मुरताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेतं. त्यामुळे अनेक ठिकाणी बोअरचं पाणी जड असतं. शाळेच्या पुस्तकात त्याला 'दुष्फेन' म्हणायचे, म्हणजे ज्यात फेस नीट होत नाही असं पाणी.

साबण या पाण्यात पडला की आधी कॅल्शियमशी भिडतो. त्यातून न विरघळणारा, चिकट, राखाडी थर तयार होतो. साबण 'फाटला' असं आपण म्हणतो ते हेच. हा थर पाण्याबरोबर वाहून जात नाही, तर कापडाच्या धाग्यांमध्ये अडकून बसतो. त्यावर धूळ आणि घाम चिकटतो. दर धुण्याला आणखी एक थर चढतो. काही महिन्यांनी शर्ट कडक लागतो, टॉवेल पाणी शोषत नाही आणि पांढरा रंग मळकट होतो.

आता थोडं गणित. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) एकूण जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. समजा तुमच्या पाण्याचा जडपणा ३०० आहे. १५ लिटरच्या बादलीत साडेचार ग्रॅम क्षार झाले. रसायनशास्त्राच्या हिशेबाने एवढे क्षार साधारण २७ ग्रॅम साबण फुकट खाऊन टाकतात. म्हणजे १०० ग्रॅमच्या वडीचा पाव भाग मळ काढायला लागायच्या आधीच संपतो.

डिटर्जंट पावडर साबणासारखी लगेच फाटत नाही, पण जड पाण्यात तिचीही ताकद कमी होते. मग आपण पावडर वाढवतो. जास्तीची पावडर एका पाण्यात निघत नाही आणि तीही कापडात राहते.

आपलं पाणी जड आहे का, घरी कसं ओळखाल?

दोन रिकाम्या पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत नळाचं किंवा बोअरचं पाणी अर्ध्यापर्यंत भरा, दुसरीत पावसाचं किंवा आरओचं. दोन्हींत अंगाच्या साबणाचा हरभऱ्याएवढा तुकडा किसून टाका. डिटर्जंट नको, त्याने फरक कळत नाही. झाकण लावून अर्धा मिनिट हलवा. पाणी दुधाळ झालं, फेस कमी आला आणि वर साय धरल्यासारखे कण दिसले तर पाणी जड आहे.

आणखी सोपी खूण म्हणजे पाणी तापवायचा रॉड. त्यावर पांढरा, कडक थर चढत असेल तर तेच क्षार शर्टातही जात आहेत. नेमका आकडा हवा असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांमध्ये पाण्याची तपासणी होते. शेजारच्या दोन बोअरचं पाणीही वेगळं असू शकतं, त्यामुळे गल्लीतल्या अंदाजावर जाऊ नका.

मग उपाय काय?

धुण्याचा सोडा : किराणा दुकानात मिळतो. हा खाण्याचा सोडा नव्हे, दोन्ही वेगळे आहेत. ३०० जडपणाच्या १५ लिटर पाण्याला कोरडा, बारीक सोडा जेमतेम ५ ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा पुरतो. खड्यांसारखा, ओलसर सोडा असेल तर दोन-अडीच चमचे. आधी सोडा टाकून ढवळा आणि अर्धा तास थांबा. क्षार पांढऱ्या गाळासारखे खाली बसू लागतात. वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन त्यात पावडर टाका. सोड्याने हात कोरडे पडतात, म्हणून नंतर नीट धुवा. रेशमी आणि लोकरीच्या कपड्यांना सोडा अजिबात नको.

शेवटचं पाणी : शर्ट खळबळताना शेवटच्या बादलीत दोन-तीन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर टाका. उरलेला सोडा आणि क्षारांचा थर सैल होतो, कापड मऊ राहतं. वाळल्यावर वास राहत नाही. मात्र व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

पावसाचं पाणी : जून ते सप्टेंबर पत्र्यावरून पडणाऱ्या पागोळ्यांचं पाणी जवळपास क्षारमुक्त असतं. पहिल्या एक-दोन पावसांत छत धुऊन निघू द्या आणि नंतरचं पाणी पांढऱ्या कपड्यांसाठी धरा. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही असंच हलकं असतं.

आरओचं पाणी : इथे अनेकांची गल्लत होते. आरओ मशीनच्या नळीतून वाया जाणारं पाणी वाचवून कपड्यांना वापरलं जातं. पाणी वाचवण्याचा हेतू चांगला आहे. पण गाळलेल्या पाण्यातले क्षार या वाया जाणाऱ्या पाण्यात जमा झालेले असतात, म्हणजे ते मूळ पाण्यापेक्षाही जड असतं. ते फरशी पुसायला किंवा संडासात वापरा, शर्टाला नको. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणीही तसंच. पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात.

तुरटी : तुरटीने गढूळ पाणी निवळतं, पण जडपणा जात नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

कॉलर आणि काखेतले डाग का जात नाहीत?

कॉलरवरची काळपट रेघ ही फक्त धूळ नसते. मानेवरचं तेल, केसांचं तेल आणि मृत त्वचा यांचं ते मिश्रण असतं. तेलकट डाग पाण्याने निघत नाही. शर्ट भिजवण्याआधी कॉलर आणि कफवर भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब चोळा आणि १०-१५ मिनिटं ठेवा. मऊ ब्रशने हलकेच घासा. दगडावर आपटून किंवा कडक ब्रशने कॉलर फाटते, डाग तसाच राहतो.

काखेतला पिवळा डाग बऱ्याचदा एकट्या घामाचा नसतो. घाम थांबवणाऱ्या अनेक रोल-ऑन आणि स्प्रेंमध्ये ॲल्युमिनियमचे क्षार असतात. ते घामाशी मिसळून कापडात पिवळा, कडक थर करतात. स्प्रे पूर्ण वाळल्यावरच शर्ट घाला. आत सुती बनियन घातलं तर घाम आधी तेच शोषतं, आणि बनियन शर्टापेक्षा स्वस्त असतं. डाग पडलाच तर 'ऑक्सिजन ब्लीच' असं लिहिलेली पावडर कोमट पाण्यात टाकून शर्ट दोन-तीन तास भिजवा. क्लोरीनचं ब्लीच घामाच्या डागावर टाकलं तर डाग आणखी पिवळा पडू शकतो.

नीळ आणि टिनोपॉल काय करतात?

घरातल्या मोठ्यांना टिनोपॉल आठवत असेल. १९८३ मध्ये केरळमधून सुरू झालेल्या उजालाचे चार थेंब तर आजही घरोघरी असतात. पण यातलं काहीच मळ काढत नाही. नीळ पिवळ्या कापडाला हलकी निळसर छटा देते, त्यामुळे डोळ्याला ते पांढरं दिसतं. टिनोपॉलसारखी द्रव्यं उन्हातले अतिनील किरण शोषून निळसर उजेड बाहेर टाकतात, म्हणून शर्ट 'चमकतो'. दोन्ही वापरायला हरकत नाही, पण आधी मळ आणि थर काढा, मग नीळ. नाहीतर मळक्या कापडावर निळे ढग उमटतात. नीळ थेट कापडावर टाकू नका, बादलीत नीट विरघळवा.

परभणीच्या उन्हात कपडे वाळवताना काय चुकतं?

मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. अशा उन्हात पातळ सुती शर्ट तासाभरात वाळतो, तरी संध्याकाळपर्यंत दोरीवरच असतो. त्या उरलेल्या चार-पाच तासांत अतिनील किरण रंग उडवतात आणि धागा कमजोर करतात. कापडात पावडर राहिली असेल तर पांढरा शर्ट उन्हात पिवळाही पडतो.

सकाळी लवकर वाळत घाला आणि वाळला की काढा. रंगीत शर्ट, टी-शर्ट आणि जीन्स उलट्या करून सावलीत घाला. शर्ट खांद्यावर चिमटे लावून लटकवू नका, खालच्या बाजूने लावा. वाळत घालण्याआधी एकदा झटका आणि कॉलर-कफ हाताने सरळ करा, निम्मी इस्त्री तिथेच होते.

हळद, तेल, काळी माती : कोणता डाग कसा काढायचा?

हळद : लग्नातल्या हळदीचा किंवा वरणाचा डाग साबण लागताच लाल होतो. घाबरू नका. हळदीतलं रंगद्रव्य साबणाच्या क्षाराने लाल होतं, नीट खळबळलं की पुन्हा पिवळं होतं. हाच रंग उन्हाने उडतो. त्यामुळे धुतल्यावर पांढरा शर्ट थोडा वेळ उन्हात ठेवा. ऊन मुद्दाम दाखवावं असा हा एक अपवाद.

तेल, तर्री : लगेच पाणी लावू नका. टाल्कम पावडर किंवा कोरडं पीठ भुरभुरवा, तेल शोषू द्या, झटका आणि मग भांड्याचं लिक्विड.

काळी माती : आपल्या शिवारातली चिकट काळी माती ओली असताना चोळली तर बारीक कण धाग्यात आणखी आत जातात. चिखल पूर्ण वाळू द्या, ब्रशने झाडा आणि मगच भिजवा.

एक नियम सगळ्यांना लागू आहे. डाग असलेल्या कपड्यावर इस्त्री फिरवू नका. उष्णतेने डाग पक्का होतो.

शर्ट घेताना काय बघायचं?

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आपण अभिमानाने म्हणतो. कापसाच्या बाबतीत अभिमानाला कारणही आहे. सेलू, मानवतचे बाजार कापसासाठी ओळखले जातात. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इथल्या कृषी विद्यापीठाच्या मेहबूब बाग केंद्रात देशी कापसावर संशोधन होतं. देशी कापसाचा धागा साधारणपणे आखूड असतो. इथल्या संशोधकांनी 'पीए' मालिकेत लांब धाग्याचे देशी वाण तयार केले.

धाग्याची लांबी शर्टातही महत्त्वाची असते. आखूड धाग्यांचं सूत लवकर फुसफुशीत होतं आणि त्यावर गोळे येतात. दुकानात कापडाचा एक भाग अंगठ्याने दहा-पंधरा वेळा घासून बघा. लव उठली तर तो शर्ट लवकर जुना दिसेल. कापड उजेडासमोर धरा, विण एकसारखी दिसली पाहिजे. आतल्या बाजूच्या शिवणी आणि बटणांचे टाके तपासा.

आता कापडाचा प्रकार. नेहमीच्या हवेत सूत स्वतःच्या वजनाच्या साधारण ८.५ टक्के ओलावा धरतं, पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. म्हणून पॉलिस्टरच्या शर्टात घाम अंगावरच राहतो आणि तेलकट वास कापडात बसतो. उन्हाळ्यासाठी सुती किंवा खादी. प्रवासात आणि फील्डवर चुरगळू नये म्हणून सूत जास्त असलेलं मिक्स कापड चालेल. रेयॉन अंगाला मऊ लागतं, पण ओलं झालं की त्याची ताकद बरीच कमी होते, पिळताना फाटू शकतं. सुताचं उलट आहे, ते ओलं असताना उलट अधिक मजबूत असतं.

कापड घेऊन शिवणार असाल तर ५८ इंच पन्ह्याचं १.६० मीटर कापड मध्यम बांध्याच्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या शर्टाला पुरतं. ३६ इंच पन्हा असेल तर साधारण सव्वादोन मीटर लागतं. सुती कापड शिवायला देण्याआधी रात्रभर भिजवून वाळवा. आटायचं ते आधीच आटेल, शर्ट नंतर आखूड होणार नाही.

लेबल, इस्त्री आणि खळ

शर्टाच्या आतल्या लेबलवर छोटी चित्रं असतात. टब म्हणजे धुणं, त्रिकोण म्हणजे ब्लीच, चौकोन म्हणजे वाळवणं, गोल म्हणजे ड्रायक्लीन. चित्रावर फुली असेल तर ते करायचं नाही. इस्त्रीच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे ११० अंशांपर्यंत, दोन १५०, तीन २००. सुताला तीन ठिपके चालतात, पॉलिस्टरला नाही. जास्त गरम इस्त्रीने पॉलिस्टर चकाकतं आणि ती चकाकी जात नाही.

सुती शर्ट किंचित ओलसर असतानाच इस्त्री करा. आधी कॉलर, मग कफ, बाह्या आणि शेवटी पाठ-पोट. काळी पँट उलटी करून किंवा वर सुती रुमाल टाकून इस्त्री करा. कोळशाच्या इस्त्रीकडे देत असाल तर पांढऱ्या शर्टाला हा रुमाल नक्की सांगा, ठिणगीचा डाग जात नाही.

नेहरू शर्ट, पायजमा आणि टोपीला खळ हवीच. भाताची पेज किंवा साबुदाण्याची पातळ कांजी गाळून वापरली तर बाजारातल्या स्टार्चची गरज नाही. पण खळ घातलेले कपडे महिनोन् महिने पेटीत ठेवू नका. स्टार्च म्हणजे कसर आणि झुरळांचं खाद्य.

ब्लेझर, शेरवानी आणि स्वेटर कसे ठेवायचे?

ब्लेझर दर वेळी ड्रायक्लीनला द्यायची गरज नसते. घातल्यावर रात्रभर रुंद हँगरवर हवेला ठेवा, मऊ ब्रशने झाडा. दुकानाचं प्लास्टिक कव्हर काढून टाका, त्यात ओलावा कोंडतो आणि पावसाळ्यात बुरशी येते. जुन्या धोतराची शिवलेली पिशवी उत्तम. जरीच्या शेरवानीवर आणि फेट्यावर अत्तर थेट मारू नका, जर काळी पडू शकते.

डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा एक आकड्यावर येतो आणि स्वेटर बाहेर निघतात. ते टांगू नका, घडी घाला, टांगल्याने ओघळतात. ठेवण्याआधी धुवा, कारण कसर घामाच्या आणि अन्नाच्या डागांवर आधी येते. डांबराच्या गोळ्या कापडात गुंडाळून ठेवा आणि तान्ह्या बाळाच्या कपड्यांजवळ मात्र अजिबात ठेवू नका, त्या वाफेचा बाळांना धोका असतो.

महागडा नसला तरी रुबाबदार कसा दिसेल?

तीन ठिकाणं बघा. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावरच यावी, दंडावर उतरू नये. कॉलरचं बटण लावल्यावर दोन बोटं आत जावीत. बाही मनगटाच्या हाडापर्यंत असावी. कंबर आणि लांबी टेलर दुरुस्त करू शकतो, खांदा दुरुस्त करणं अवघड आणि खर्चिक असतं. म्हणून बाकी सगळं आवडलं तरी खांदा बसत नसेल तर शर्ट परत ठेवा.

पट्टा आणि बूट एकाच रंगाचे असावेत. नव्या ब्लेझरच्या मागच्या चिरेवरचा फुलीचा दोरा आणि बाहीवरचं लेबल घालण्याआधी उसवा, ते दुकानासाठी असतं. उभं राहिल्यावर सर्वांत खालचं बटण उघडं ठेवा.

आठवड्याला अर्धा तास

• रविवारी पांढरे कपडे वेगळे काढा, कॉलरवर लिक्विड लावा.
• सोड्याच्या पाण्यात भिजवा, २० मिनिटांहून जास्त नको.
• शेवटच्या पाण्यात व्हिनेगर, मग झटकून वाळत.
• वाळला की लगेच काढा, ओलसर असतानाच इस्त्री.
• सैल बटण त्याच दिवशी लावा. हरवलं की जोडीचं मिळत नाही.
• पँट आणि जीन्स दर वेळी धुऊ नका. हवेला ठेवा, डाग असेल तेवढाच पुसा. पाणी वाचेल आणि रंगही टिकेल.

आधीच मळकट झालेला शर्ट टाकून देण्याआधी सोड्याच्या गाळलेल्या कोमट पाण्यात ऑक्सिजन ब्लीच टाकून तीन-चार वेळा धुऊन बघा. थर हळूहळू चढलेला असतो, तसा तो हळूहळूच उतरतो. पहिल्याच धुण्यात फरक दिसला नाही म्हणून थांबू नका.